सीएनसी राऊटरचा स्पीड आणि फीड कसा ठरवायचा? – ढलपीचे सोपे गणित



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. विषय कारखान्यातला वाटेल, पण त्यासाठी लागणारे गणित आपल्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे. गुणाकार, भागाकार, दशांश अपूर्णांक आणि वर्तुळाचा परीघ एवढे आले की हा पाठ समजलाच म्हणून समजा.

आजकाल तालुक्याच्या गावातसुद्धा सुतारकामाच्या दुकानात सीएनसी राऊटर दिसतो. देव्हाऱ्याची जाळी, दारावरची नक्षी, एमडीएफचे पार्टिशन, दुकानाची ॲक्रिलिकची पाटी ही कामे त्यावर होतात. नवीन यंत्र घेतलेल्या किंवा आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला पहिला प्रश्न पडतो तो असा: "यंत्रात वेगाचा आकडा कोणता टाकायचा?" मग कुणीतरी सांगतं, "भीती वाटते ना, मग हळू चालव." हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण लाकूड काळं पडणं, बिट लवकर बोथट होणं आणि कधीकधी भुशाने पेट घेणं, या सगळ्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच होते. असं का होतं ते आज गणितानेच पाहूया.

या पाठात आपण काय शिकणार?

१. स्पीड आणि फीड यातला फरक
२. ढलपीची जाडी म्हणजे काय आणि ती कशी काढायची
३. यंत्र हळू असेल तर काय बदलायचे
४. कापाची खोली, बिटाची लांबी आणि बिटाचा व्यास यांचा परिणाम
५. चाचणी काप घेऊन आकडे पक्के कसे करायचे

१. दोन वेग, दोन वेगळी कामे

सीएनसी राऊटर म्हणजे संगणकाच्या सूचनेनुसार हलणारे, कापणारे यंत्र. वर एक मोटर असते, तिला स्पिंडल म्हणतात. स्पिंडलला बिट लावलेले असते. बिट स्वतःभोवती गरगर फिरते आणि त्याच वेळी लाकडातून पुढे सरकत जाते. म्हणजे इथे दोन वेग आहेत.

स्पीड म्हणजे बिट एका मिनिटात किती फेरे मारते. याला आरपीएम म्हणतात. लाकडाच्या राऊटरमध्ये हा आकडा साधारण ८,००० ते २४,००० असतो.

फीड म्हणजे बिट एका मिनिटात किती मिलिमीटर पुढे सरकते. हा आकडा मिमी प्रति मिनिट असा लिहितात.

मुलांना सांगताना भोवऱ्याचं उदाहरण घ्या. भोवरा स्वतःभोवती फिरतो तो स्पीड, आणि फिरता फिरता जमिनीवर पुढे सरकतो तो फीड. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, पण एक वाढला म्हणून दुसरा आपोआप वाढत नाही. यंत्राला ते दोन्ही आकडे आपणच सांगायचे असतात.

२. ढलपी, सालपट आणि भुसा

आपल्या भाषेत सुतारकामाच्या कचऱ्यालाही वेगवेगळे शब्द आहेत. तासणीने ढलप्या पडतात, रंध्याने सालपटं निघतात आणि करवतीने भुसा पडतो. लाकूड तेच, पण हत्यार प्रत्येक वेळी किती जाड तुकडा उचलतं त्यावर नाव बदलतं. राऊटरच्या बिटाचं कामही असंच पाहायचं. बिटाची प्रत्येक धार लाकडात शिरते, एक बारीक ढलपी उचलते आणि बाहेर फेकते. लगेच दुसरी धार येते, ती पुढची ढलपी उचलते.

एक धार एका वेळी जेवढी जाडी उचलते, तिला ढलपीची जाडी म्हणूया. कारखान्यात याला चिपलोड म्हणतात. स्पीड आणि फीड ठरवायचा म्हणजे ही जाडी ठरवायची. संपूर्ण पाठाची किल्ली हीच आहे.

वर्गातलं उदाहरण घेऊ. पेन्सिलला टोक काढताना शार्पनर (काही ठिकाणी मुलं त्याला गिरमिट म्हणतात) व्यवस्थित दाबून फिरवला की छान फुलासारखं सालपट निघतं. पातं बोथट असेल किंवा पेन्सिल नुसतीच हलक्या हाताने घासली, तर सालपट निघत नाही, काळी पूड पडते आणि टोकही होत नाही. हात तेवढाच फिरला, पण काम झालं नाही. राऊटरच्या बिटाचंही तसंच आहे. धारेला कापायला पुरेशी जाडी मिळाली तर ती कापते, नाहीतर नुसती घासते.

३. सूत्र

एका मिनिटात बिट जेवढे फेरे मारते, त्याला धारांच्या संख्येने गुणलं की एका मिनिटात लाकडाला किती वेळा धार लागते ते कळतं. प्रत्येक वेळी उचललेल्या जाडीने त्याला पुन्हा गुणलं की एका मिनिटात बिट किती पुढे गेलं ते मिळतं.

फीड = आरपीएम × धारांची संख्या × ढलपीची जाडी

हेच उलटं मांडलं तर:

ढलपीची जाडी = फीड ÷ (आरपीएम × धारांची संख्या)

आरपीएम = फीड ÷ (धारांची संख्या × ढलपीची जाडी)

तीन सूत्रं वेगळी पाठ करू नका. पहिलं एकच लक्षात ठेवा. अंतर, वेग, वेळ यांच्या सूत्रासारखीच बाकीची दोन त्यातून निघतात.

उदाहरण १. सागवानाच्या फळीवर ६ मिमी व्यासाचे, दोन धारांचे बिट वापरायचे आहे. आरपीएम १६,००० आणि ढलपीची जाडी ०.१५ मिमी ठेवायची आहे. फीड किती?

फीड = १६,००० × २ × ०.१५ = ४,८०० मिमी प्रति मिनिट.

म्हणजे मिनिटाला ४.८ मीटर, किंवा सेकंदाला ८० मिमी. मुलांना हे अंतर पट्टीवर दाखवा. एका सेकंदात ८ सेंटिमीटर! नवख्या माणसाला हा वेग पाहून धडकीच भरते.

आता ०.१५ मिमी म्हणजे किती? झेरॉक्सच्या कागदाचं ५०० पानांचं रीम घ्या आणि त्याची जाडी मोजा. ती साधारण ५० मिमी भरते. म्हणजे एक कागद सुमारे ०.१ मिमी. आपली ढलपी दीड कागदाइतकी जाड आहे. वेग मोठा दिसतो, पण प्रत्येक धारेच्या वाट्याला एवढंच काम येतं.

४. "हळू म्हणजे सुरक्षित" हा समज तपासूया

समजा, एकाने भीतीपोटी फीड ८०० मिमी प्रति मिनिट ठेवला, पण आरपीएम मात्र पूर्ण २४,००० वर. बिट दोन धारांचेच. ढलपीची जाडी काढा.

८०० ÷ (२४,००० × २) = ८०० ÷ ४८,००० = ०.०१६७ मिमी, जवळजवळ.

म्हणजे कागदाच्या सहाव्या हिश्श्याइतकी जाडी! धार कितीही तीक्ष्ण दिसली तरी सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या टोकाला थोडा गोलवा असतोच. इतकी पातळ ढलपी तिला नीट धरताच येत नाही. ती लाकूड कापण्याऐवजी दाबते आणि घासते. घासलं की उष्णता तयार होते.

आता एक मीटर लांबीच्या कापात धार किती वेळा लाकडाला लागते ते मोजू. एक मीटर म्हणजे १,००० मिमी.

• उदाहरण १ प्रमाणे: १,००० ÷ ०.१५ = सुमारे ६,६६७ वेळा
• हळू चालवलेल्या यंत्रात: १,००० ÷ (८०० ÷ ४८,०००) = ६०,००० वेळा

बघा मित्रांनो, काप तोच, लाकूड तेच, पण दुसऱ्या बिटाच्या धारा नऊपट वेळा घासल्या गेल्या. मग बिट लवकर बोथट होणार नाही तर काय? बोथट बिट आणखी घासतं, आणखी तापतं, आणि त्यामुळे आणखी बोथट होतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कापताना तयार होणारी बरीचशी उष्णता ढलपी स्वतःबरोबर बाहेर घेऊन जाते. जाडसर ढलपी जास्त उष्णता नेते. बारीक पूड ती नेऊ शकत नाही, त्यामुळे बिट आणि लाकूड दोन्ही तापत राहतात. लाकडाच्या कडा तपकिरी होतात, मग काळ्या पडतात, जळका वास येतो. अशा वेळी धुमसणारा एखादा कण धूळ ओढणाऱ्या पिशवीत गेला तर आतल्या कोरड्या भुशात तो बराच वेळ धुमसत राहू शकतो. दुकान बंद करून सगळे घरी गेल्यावर आग लागते ती अशी. म्हणून काप जळताना दिसला की "थोडं काळं पडलं, पॉलिश पेपर मारू" असं म्हणून पुढे जायचं नाही. यंत्र थांबवायचं आणि पिशवीसुद्धा तपासायची.

लक्षात ठेवा: घाबरून फक्त फीड कमी करू नका. फीड कमी करायचाच असेल तर आरपीएमही त्याच प्रमाणात कमी करा. गुणोत्तर टिकलं की ढलपी टिकते.

५. यंत्र तेवढं वेगाने पळत नसेल तर?

हा प्रश्न खरा आहे. लहान यंत्रांना मिनिटाला ४,८०० मिमी हा वेग झेपत नाही. समजा, आपलं यंत्र न थरथरता ३,००० मिमी प्रति मिनिट एवढंच जातं. तर मग सूत्र उलटं वापरा.

उदाहरण २. फीड ३,०००, दोन धारा, ढलपी ०.१५ मिमी.

आरपीएम = ३,००० ÷ (२ × ०.१५) = ३,००० ÷ ०.३ = १०,०००.

स्पिंडल १०,००० वर आणला की ढलपी पुन्हा दीड कागदाची झाली.

पण इथे एक अडचण येते. स्पिंडलचा वेग फार खाली आणला की त्याची ताकदही कमी होते. दोन पोलच्या स्पिंडलला ४०० हर्ट्झ दिले की तो सुमारे २४,००० फेरे मारतो आणि ३०० हर्ट्झ दिले की सुमारे १८,०००. (हर्ट्झला ६० ने गुणा, उत्तर मिळेल.) हर्ट्झ जसे उतरतात तशी उपलब्ध ताकदही साधारण त्याच प्रमाणात उतरते. काही लहान राऊटरचा वेग तर एका मर्यादेखाली जातच नाही. अशा वेळी दुसरा मार्ग आहे. दोन धारांऐवजी एका धारेचे बिट घ्या.

आरपीएम = ३,००० ÷ (१ × ०.१५) = २०,०००.

म्हणजे स्पिंडल जोरात फिरला तरी चालेल, कारण एका फेऱ्यात एकच ढलपी उचलली जाते. "जास्त धारा म्हणजे चांगलं बिट" असं दुकानदार सांगत असेल तर हे गणित करून पाहा. चार धारांच्या बिटाला हीच ढलपी द्यायची तर ३,००० फीडला आरपीएम ५,००० वर आणावा लागेल, आणि तो आपल्या स्पिंडलला जमणारा नाही.

६. कोणत्या सामानाला किती ढलपी?

खालील आकडे ६ मिमीच्या कार्बाइड बिटासाठी, मध्यम ताकदीच्या यंत्रावर सुरुवात करण्यासाठी आहेत. बिटाबरोबर कंपनीचा तक्ता मिळाला असेल तर तो आधी पाहा. मोठ्या, वजनदार यंत्रांसाठी दिलेले आकडे याहून जास्त असतात.

• सागवान, शिसम यांसारखे लाकूड: ०.१० ते ०.२० मिमी
• प्लायवूड: ०.१५ ते ०.२५ मिमी
• एमडीएफ: ०.१५ ते ०.३० मिमी
• ॲक्रिलिक (एका धारेचे बिट): ०.१० ते ०.२० मिमी
• ॲल्युमिनियम (एका धारेचे बिट): ०.०३ ते ०.०६ मिमी

बिट ३ मिमीचे असेल तर हे आकडे निम्मे धरून सुरुवात करा. बारीक बिट जाड ढलपीचा जोर सहन करत नाही, मोडतं.

ॲक्रिलिकचं वैशिष्ट्य वेगळं आहे. ते जळण्याआधी वितळतं. ढलपी पातळ झाली की वितळलेलं प्लॅस्टिक बिटालाच गुंडाळतं आणि मागचा काप पुन्हा चिकटतो. ॲल्युमिनियमही गरम झालं की धारेला चिकटून बसतं. तिथे आरपीएम कमी, खोली अगदी थोडी आणि ढलप्या उडवायला हवेचा झोत, हे तिन्ही लागतं.

७. धारेचा खरा वेग

आरपीएम सगळ्या बिटांना सारखा लागू पडत नाही. कारण मोठ्या बिटाची धार एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. इथे आपला परीघ कामाला येतो.

धारेचा वेग = ३.१४ × व्यास × आरपीएम

• ६ मिमीचे बिट, १८,००० आरपीएम: ३.१४ × ६ × १८,००० = ३,३९,१२० मिमी, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३९ मीटर. ताशी सुमारे २० किमी.
• ५० मिमीचा सपाटीकरणाचा कटर, २४,००० आरपीएम: ३.१४ × ५० × २४,००० = ३७,६८,००० मिमी, म्हणजे मिनिटाला ३,७६८ मीटर. ताशी सुमारे २२६ किमी!

सायकलच्या वेगावरून आपण थेट रेसच्या गाडीच्या वेगावर आलो. म्हणून मोठ्या कटरवर जास्तीत जास्त आरपीएम छापलेला असतो. तो आकडा कधीही ओलांडू नका. तुटलेलं पातं कुठे जाईल ते कुणाच्याही हातात नसतं.

धारेचा वेग वाढला की हत्याराचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, हे अमेरिकेतले अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी प्रयोगांनी दाखवलं. त्यांनी तब्बल २६ वर्षे धातू कापण्याचे प्रयोग केले. त्यात ८ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाच्या ढलप्या झाल्या, म्हणजे साधारण ३६० टन. १९०६ मध्ये त्यांनी हे काम अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलं. त्याआधी प्रत्येक कारागीर आपल्या अंदाजाने वेग ठरवत असे. कोणता वेग, किती फीड, किती खोली, हे मोजून ठरवता येतं हे टेलर यांच्या कामामुळे पक्कं झालं. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या सूचनांवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवण्यात आलं. आजचे सीएनसी हे त्याचंच पुढचं रूप. यंत्र बदललं, पण आकडा माणसानेच ठरवायचा असतो.

८. किती खोल कापायचं?

लाकडासाठी सोपा नियम असा: एका वेळी बिटाच्या व्यासाइतकी खोली. ६ मिमीचे बिट असेल तर ६ मिमी. यंत्र हलकं असेल तर त्याच्या निम्मी, म्हणजे ३ मिमी.

१८ मिमीचं प्लाय आरपार कापायचं तर ६ मिमीच्या ३ फेऱ्या किंवा ३ मिमीच्या ६ फेऱ्या होतील. बिटाच्या व्यासाच्या दुप्पट खोल जायचं असेल तर ढलपी पाव हिश्शाने कमी करा, आणि तिप्पट खोल जायचं असेल तर निम्मी करा, असा कारखान्यातला प्रघात आहे.

आता एक मजेशीर तुलना बघा. आरपीएम १२,०००, दोन धारा, ६ मिमी रुंद खाच.

• पहिला मार्ग: खोली ६ मिमी, फीड १,५००. निघालेलं लाकूड = ६ × ६ × १,५०० = ५४,००० घन मिमी प्रति मिनिट. ढलपी = १,५०० ÷ २४,००० = ०.०६२५ मिमी.
• दुसरा मार्ग: खोली ३ मिमी, फीड ३,०००. निघालेलं लाकूड = ३ × ६ × ३,००० = ५४,००० घन मिमी प्रति मिनिट. ढलपी = ३,००० ÷ २४,००० = ०.१२५ मिमी.

काम दोन्हीकडे सारखंच झालं, वेळही जवळपास तेवढाच. पण दुसऱ्या मार्गात ढलपी दुप्पट जाड आहे, म्हणजे धार घासत नाही, कापते. हलक्या यंत्रावर यंत्र थरथरतंय असं वाटलं की बहुतेक लोक फीड कमी करतात. त्याऐवजी आधी खोली कमी करा, फीड तसाच ठेवा. आजच्या पाठातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या.

९. बिट किती बाहेर काढायचं?

बिट चकमध्ये धरल्यावर जेवढं बाहेर राहतं तेवढं ते वाकतं. हे वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. २० मिमी ऐवजी ३० मिमी बाहेर काढलं तर लांबी दीडपट झाली, पण वाकणं १.५ × १.५ × १.५ = ३.३७५ पट झालं. व्यासाचं तर याहून पुढे आहे. तेवढ्याच जोराला ३ मिमीचं बिट ६ मिमीच्या बिटापेक्षा २ × २ × २ × २ = १६ पट वाकतं. म्हणून कामाला लागेल तेवढंच बिट बाहेर ठेवा आणि जमेल तिथे जाड बिट वापरा. घन आणि घातांक शिकवताना "हे कुठे उपयोगी पडतं?" असं मुलांनी विचारलं, तर हे उदाहरण सांगा.

१०. शेवटचा पातळ काप का जळतो?

बऱ्याच जणांचा हा अनुभव असतो: मुख्य काप स्वच्छ आला, पण कडेवरून शेवटचा पातळ हात फिरवताना लाकूड काळं पडलं. कारण बिट अर्ध्या व्यासापेक्षा कमी रुंदी कापत असेल तर ढलपी गणितातल्या जाडीपेक्षा पातळ निघते. उदाहरणार्थ, ६ मिमीचं बिट कडेची फक्त ०.६ मिमी, म्हणजे व्यासाच्या दहावा हिस्सा कापत असेल, तर ढलपी ठरवलेल्या जाडीच्या ६० टक्केच असते. ०.१५ मिमी ठरवली असली तरी मिळते ०.०९ मिमी. म्हणजे अशा कापात फीड थोडा वाढवायचा किंवा आरपीएम कमी करायचा.

कोपऱ्यांचंही असंच. यंत्र कोपऱ्यावर वळताना आपोआप हळू होतं, पण स्पिंडल तेवढाच फिरत राहतो. म्हणून जाळीच्या कामात कोपरे आणि लहान गोल आधी काळे पडतात. नक्षी बारीक असेल तर सुरुवातीलाच आरपीएम कमी धरा.

११. चाचणी काप: आकडे पक्के करण्याची पद्धत

१. ज्या सामानावर काम करायचं आहे त्याचाच टाकाऊ तुकडा घट्ट बांधा. सैल तुकडा थरथरला तर सगळे निष्कर्ष चुकतात.
२. तक्त्यातली मधली ढलपी घ्या आणि सूत्राने फीड काढा. खोली बिटाच्या व्यासाच्या निम्मी ठेवा.
३. बिट खाली उतरवण्याचा वेग फीडच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ठेवा.
४. एक सरळ रेघ कापा. आवाज ऐका. एकसारखा, गंभीर आवाज चांगला. किंचाळल्यासारखा आवाज आला तर बिट बहुधा घासतंय किंवा थरथरतंय. आवाज जड होत फेरे मंदावत असतील तर भार जास्त आहे.
५. यंत्र पूर्ण थांबवून, वीज बंद करून काप तपासा. ढलप्या बोटांत घेऊन पाहा.
६. एका वेळी एकच आकडा बदला. फीड दहा टक्क्यांनी वाढवा आणि पुन्हा कापा. कड खराब व्हायला लागली की एक पायरी मागे या.
७. जमलेले आकडे वहीत लिहा: सामान, बिट, धारा, आरपीएम, फीड, खोली. पुढच्या वेळी हीच वही तुमचा तक्ता.

काय दिसलं तर काय करायचं?

• पिठासारखा भुसा, जळका वास: फीड वाढवा किंवा आरपीएम कमी करा. बिट बोथट आहे का तेही पाहा.
• किंचाळणारा आवाज, कडेवर लाटा: खोली कमी करा, बिट आत घ्या, तुकडा घट्ट करा.
• प्लायच्या वरच्या थराला तुसे: बिट बोथट नसेल तर ढलपी खाली ढकलणारं बिट वापरून पाहा. पण अशा बिटाने भुसा खाचेतच राहतो, तो काढत राहा.
• बिट मोडलं: ढलपी फार जाड, खोली फार जास्त किंवा बिट फार बाहेर. तिन्ही तपासा.

एक अपवाद ध्यानात असू द्या. एमडीएफ हे मुळातच बारीक तंतू दाबून केलेलं असतं. त्यातून नीट ढलपी कधीच दिसणार नाही, पूडच पडेल. तिथे भुशावरून नाही, तर कडेचा रंग, वास आणि बिटाची उष्णता यावरून ठरवा.

१२. सुरक्षितता

डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, नाकाला चांगला मास्क. लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारणीभूत ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे. एमडीएफच्या धुळीत चिकटवणारं रसायनही असतं. म्हणून धूळ ओढणारं यंत्र ही चैन नाही. सैल बाह्या, ओढणी, हातमोजे फिरत्या बिटाजवळ नकोतच. चालू यंत्र सोडून चहाला जाऊ नका.

शिक्षकांसाठी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन काम पाहावं, असं सुचवलेलं आहे. सुतारकामाच्या दुकानात मुलांना न्याल तेव्हा त्यांना यंत्रापासून लांब उभं करा आणि दोनच आकडे विचारायला सांगा: आरपीएम किती आणि फीड किती? बिटाच्या धारा किती हे कारागीर सांगतीलच. ढलपीची जाडी मुलं वर्गात येऊन काढतील. दशांश अपूर्णांकाच्या भागाकाराला याहून चांगला गृहपाठ मिळणार नाही.

सराव प्रश्न

१. प्लायवूड, ६ मिमीचे दोन धारांचे बिट, १५,००० आरपीएम, ढलपी ०.२० मिमी. फीड किती?
२. ॲल्युमिनियम, एका धारेचे बिट, १६,००० आरपीएम, ढलपी ०.०४ मिमी. फीड किती?
३. फीड १,२००, आरपीएम १२,०००, दोन धारा. ढलपी किती? सागवानासाठी ती योग्य आहे का? ०.१५ मिमी ढलपीसाठी फीड किती हवा?
४. १८ मिमीचं प्लाय ४ मिमीच्या फेऱ्यांनी कापायला किती फेऱ्या लागतील?
५. १४ मिमी व्यासाचे बिट १८,००० आरपीएमने फिरते. धारेचा वेग मिनिटाला किती मीटर? (पाय = २२/७ घ्या.)

उत्तरे: (१) ६,००० मिमी प्रति मिनिट (२) ६४० मिमी प्रति मिनिट (३) ०.०५ मिमी, नाही, फार पातळ आहे, ३,६०० मिमी प्रति मिनिट (४) ५ फेऱ्या, कारण ४ फेऱ्यांत १६ मिमीच होतात (५) ७९२ मीटर

तिसऱ्या प्रश्नात आणखी एक उत्तर शक्य आहे: फीड १,२०० च ठेवून आरपीएम ४,००० करणे. गणित बरोबर आहे, पण तो वेग आपल्या स्पिंडलला जमेल का? मुलांना याच्यावर चर्चा करू द्या. गणिताचं उत्तर आणि यंत्राची मर्यादा, दोन्ही एकत्र पाहायची सवय इथेच लागते.

पाठ उपयोगी वाटला तर आपल्या गावातल्या सुतारकाम करणाऱ्या मित्राला आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांना जरूर पाठवा.